पान निमगावचं, सुपारी कुणाची?

इंदापूर तालुक्यातल्या निमगाव केतकीत विडा रंगायला कशाची वाण नसेल, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. गावात पानमळे आहेत, खाऊच्या पानांचा बाजार आहे, चुना आणि कात कुठल्याही दुकानात मिळतो. सुपारी मात्र कोकणातून यावी लागते. आणि कलेचा धंदा करू पाहणाऱ्याचं तर सुपारीशिवाय पानही हलत नाही.

ही सुपारी अडकित्त्याने कातरायची नव्हे. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथे येतात, राहुटीत बसतात, तारीख ठरते, आकडा ठरतो, घासाघीस होते, इसार हातावर पडतो. त्याला म्हणतात सुपारी. शब्द मूळचा असा घरंदाज. पुढे मुंबईच्या गुन्हेगारांनी तो पळवला. त्यामुळे एसटीत बसलेला एखादा वाजंत्रीवाला फोनवर आनंदाने ‘सुपारी मिळाली!’ असं ओरडला, की शेजारचा प्रवासी पिशवी उचलून मागच्या सीटवर जातो.

निमगाव केतकीच्या स्टँडवर थोडा वेळ उभं राहिलं, की असा एक होतकरू दिसतोच. त्याला नाव देण्यात अर्थ नाही, प्रत्येक गावाच्या वाट्याला एक आलेला असतो. घरी पानमळा. अंगात कला. खांद्याला कॅमेऱ्याची बॅग, हप्ते चालू असलेली. तो लग्नाचं शूटिंग करतो, फ्लेक्स डिझाइन करतो, पत्रिकेवरच्या चारोळ्या जुळवतो आणि ‘स्वतःचं काहीतरी’ उभं करण्याच्या विचारात असतो. त्याला हवं असतं मार्गदर्शन. सुदैवाने आपल्याकडे मार्गदर्शन पानाच्या टपरीवर, चुन्यासारखं, फुकट आणि बोटाने लावून मिळतं.

चुलते म्हणतात, ‘‘आधी भरती दे. एकदा चिकटलास की मग काय ती कला कर.’’ मोबाइलवरचा कोटवाला वक्ता सांगतो, मोठी स्वप्नं बघा, पहाटे पाचला उठा. पानमळ्याच्या घरातलं पोर तसंही पहाटेच उठतं, त्यामुळे या सल्ल्याचा अर्धा भाग वाया जातो. तिसरं मार्गदर्शन गिऱ्हाईक करतं आणि ते सगळ्यात मोलाचं असतं: ‘‘घरचंच काम हाय. पैशाचं काय बोलायचं?’’

घरचं काम म्हणजे काय, ते एकदा जवळून पाहायला हवं. वाढदिवसाचा फ्लेक्स. मध्ये गॉगल लावून हात जोडलेले दादा. वरच्या पट्टीत नेते, मानाच्या क्रमाने. खाली ‘शुभेच्छुक’ या सदरात अठ्ठावीस मुंडकी. त्यातल्या सहांचे फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावरचे, दोघांचे लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापलेले, एकाच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात. रात्री अकराला फोन येतो, की बाळूचं डोकं पप्पूच्या डोक्यापेक्षा मोठं का दिसतंय? होतकरू माउस धरून दोन्ही डोकी समान पातळीवर आणतो. या कामी राजकारण, भूमिती आणि मानसशास्त्र तिन्ही लागतात. पैसे मिळतात छपाईचे, चौरस फुटावर. डिझाइनचे मागितले तर उत्तर ठरलेलं, ‘‘त्यात काय, ते कॉम्प्युटरच करतंय की.’’

प्रेरणा म्हणावी, तर ती दरवर्षी आषाढात चालत दारात येते. तुकोबांची पालखी देहूहून निघते, बारामती मागे टाकते आणि इंदापूरला पोचण्याआधी निमगाव केतकीत मुक्काम करते. होतकरू त्या रात्री झोपत नाही, हजारभर फोटो काढतो. पण व्यवसायाचा आदर्श म्हणून तुकोबांकडे पाहणं धोक्याचं आहे. वडिलोपार्जित वाण्याचं दुकान आणि सावकारी असलेला हा माणूस. दुष्काळात सगळं बुडालं. परंपरा सांगते, की त्यांनी कर्जखतांचा निम्मा वाटा धाकट्या भावाला, कान्होबाला दिला आणि आपला निम्मा इंद्रायणीत सोडला. पुढे अभंगांच्या वह्याही त्याच नदीत गेल्या. वह्या तेराव्या दिवशी कोरड्या वर आल्या. कर्जखतं वर आल्याचं कुणीही सांगत नाही. बँकेच्या वसुली खात्याला ही कथा सांगून पाहायला हरकत नाही, उपयोग होणार नाही.

मग जवळचा दाखला घ्यावा. एसटीने बारामतीला गेलं, की मोरोपंत भेटतात. जन्म 1729, पन्हाळ्याचा. कर्मभूमी आणि अखेरचा श्वास बारामतीचा, 1794. बाबूजी नाईक या बड्या सावकार-जहागीरदाराच्या पदरी ते पुराण सांगत. दरमहाची सोय झाली, की कलावंत काय करतो याचा पंत हा नमुना आहे. त्यांनी रामायण लिहिलं. एक नव्हे, 108. प्रत्येकात काहीतरी नवी अट स्वतःवर लादून घेतलेली. त्यातलं एक निरोष्ठ, म्हणजे ज्यांचा उच्चार करताना ओठ मिटतात ती अक्षरं वर्ज्य. प, फ, ब, भ आणि म. आता ज्या कथेच्या नायकाच्या नावातच ‘म’ आहे, ती त्याचं नाव न घेता सांगायची, ही अट कुणा गिऱ्हाइकाने घातली नव्हती. पंतांनी स्वतःहून घालून घेतली. एका रामायणाचं तर नावच ‘परंतु रामायण’. होतकरूला हे नाव फार जवळचं वाटतं, कारण त्याच्या घरी रोज संध्याकाळी जे रामायण होतं त्यात दर दुसरा शब्द ‘पण’ असतो.

नाईकांसारखा यजमान मिळणं हा नशिबाचा भाग, आणि तो टिकणं हा त्याहून मोठ्या नशिबाचा. विष्णुदास भावे यांना सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी, कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून, तसं काही आपल्याकडे करायला सांगितलं. 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. खर्च दरबारचा, प्रेक्षक दरबारचे, वाहवा दरबारची. 1851 मध्ये चिंतामणराव वारले आणि दरबाराला नाटकाचा कंटाळा आला. भाव्यांच्या हातात उरली राक्षसांची सोंगं आणि जेवायला बसणारी माणसं. त्यांनी मंडळी बैलगाड्यांत भरली आणि गावोगाव हिंडायला काढली. 1853 मध्ये ते मुंबईत तिकीट लावून खेळ करत होते. मराठी नाटक धंदा झालं ते यजमान गेल्यामुळे. राजाश्रय टिकला असता, तर आपण आजही आमंत्रण पत्रिकेची वाट पाहत बसलो असतो.

पण मार्गदर्शन शोधायला निघालेल्या माणसाची खरी गोष्ट दादासाहेब फाळक्यांची. त्र्यंबकेश्वरला 1870 मध्ये जन्मलेला हा गृहस्थ चाळिशीपर्यंत काय काय करून बसला होता, ते पाहिलं तर आजचे चुलते चक्कर येऊन पडतील. जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला, बडोद्याच्या कलाभवनात आणखी शिक्षण, गोध्र्यात फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यात नोकरी, ती सोडून छापखाना, छापखान्यात भागीदारांशी बेबनाव. मधल्या काळात आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोगही. म्हणजे सरकारी खात्याला एकदा चिकटून सुटलेला माणूस. चुलत्यांचं सगळं शास्त्र इथेच कोसळतं.

1911 मध्ये गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांना पडद्यावर कृष्ण दिसू लागला. पुढे ते इतके चित्रपट पाहत सुटले, की डोळ्यांनी संप केला. डॉक्टरांच्या औषधाने आणि चष्म्यांनी दृष्टी परत आली. मग विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी 1912 मध्ये हा माणूस बोटीने लंडनला निघाला. ओळख शून्य. ‘बायोस्कोप’ नावाच्या साप्ताहिकाचे ते वर्गणीदार होते, एवढ्या भांडवलावर पिकॅडिलीतली त्याच्या कचेरीची पाटी दिसताच आत शिरले आणि संपादक कॅबर्न यांना भेटले. कॅबर्न यांनी टपरीवरच्या माणसासारखाच पहिला सल्ला दिला, की या भानगडीत पडू नका, इथले भलेभले बुडालेत आणि हिंदुस्थानच्या हवेत तर हे जमायचंच नाही. फरक इतकाच, की पाहुणा ऐकत नाही हे कळल्यावर ते गप्प बसले नाहीत. त्यांनी फाळक्यांना कॅमेरा निवडायला मदत केली आणि सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहायला धाडलं. एप्रिलमध्ये फाळके विल्यमसन कॅमेऱ्याची तजवीज करून परतले.

आता भांडवल. फाळक्यांनी कुणाला प्रेरणादायी भाषण दिलं नाही. कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर रोवला आणि दररोज थोडी थोडी फिल्म घेत राहिले. पडद्यावर मिनिटभरात दाणा फुटला, कोंब मातीतून वर आला आणि वेल हलत हलत चढू लागला. ‘अंकुराची वाढ’. ते पाहून पैसे देणाऱ्याची पुरचुंडी सुटली. बाकीचं पत्नी सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी पुरवलं. या बाईंचं नाव श्रेयनामावलीत असतं, तर ती पाटी वाचेपर्यंत मध्यंतर झालं असतं. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांचा, रात्री अंधाऱ्या खोलीत कच्च्या फिल्मला भोकं पाडणं त्यांचं, दिवसा उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परतवणंही त्यांचंच.

चित्रपट ठरला ‘राजा हरिश्चंद्र’, पण राणी तारामतीचं काम करायला बाई मिळेना. तमासगिरिणीसुद्धा नाही म्हणाल्या. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीतला आचारी, अण्णा साळुंके, दहा रुपयांवर होता, त्याला पंधरा देऊन राणी केलं. पुढे 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोघंही साळुंकेच. वनवासात खर्चाची एवढी बचत वाल्मीकींनाही सुचली नव्हती. सिनेमात काम करतो म्हटलं की लोक नाक मुरडत, म्हणून नटांनी बाहेर सांगायचं, की आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहोत. या फॅक्टरीवर परेश मोकाशींनी 2009 मध्ये चित्रपट काढला. निमगावच्या होतकरूची आईसुद्धा पाहुण्यांना ‘त्यो कॉम्प्युटरचं करतोय’ एवढंच सांगते. तिची फॅक्टरी ती.

3 मे 1913 रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि चालला. सुरतेला मात्र पहिल्या दिवसाचा गल्ला जमला तीन रुपये. कारण साधं होतं. तिथे दोन आण्यांत सहा तासांचं नाटक मिळे, आणि हे दीड तासाचे तीन आणे मागत होते. फाळक्यांनी जाहिरात बदलली: सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांब चित्र, फक्त तीन आण्यांत! गर्दी लोटली. चित्रपट 3700 फुटांचा होता, म्हणजे पाऊण मैलही भरत नाही. ज्याच्या कथेत राजा दिलेल्या शब्दापायी राज्य सोडतो, त्या चित्रपटाची जाहिरात सव्वा मैलाने वाढवलेली होती, हे गमतीचं खरं. पण चौरस फुटावर पैसे घेणाऱ्या फ्लेक्सवाल्याला त्यात आपला पूर्वज दिसतो.

हे सगळं वाचून होतकरूने एक केलं. घरच्या, आबांच्या पानमळ्यात, शेवरीवर चढणाऱ्या एका वेलापुढे तिकाटणं रोवलं. रोज सकाळी, एकाच वेळी, एकच फोटो. वेलाची वाढ मिनिटभरात दाखवायची आणि ती क्लिप पुण्याच्या लोकांना पाठवायची, मग बघू कोण सुपारी देत नाही. पानमळ्यात तसं पाहायला बरंच असतं. शेवरी, शेवगा, हादगा आधाराला लावलेले, ऊन चाळून आत घेणारे, वेल लव्हाळ्याने हलक्या हाताने बांधलेले. वेल वर गेला, की तो सोडवून खाली घेतात, वेटोळं करून मातीत पुरतात आणि शेंडा तेवढा वर ठेवतात. त्याला उतरण म्हणतात. मग तो शेंडा पुन्हा पहिल्यापासून चढायला लागतो. आबांनी हे आयुष्यभर केलं, त्यावर कधी भाषण दिलं नाही.

अकरा दिवस फोटो झाले. एक पान तर असं निघालं होतं, की नायिका म्हणावी. रुंद, तुकतुकीत, सकाळच्या उन्हात पोपटी. बाराव्या दिवशी होतकरू पोचला तेव्हा तिकाटण्यावर आबांचा सदरा वाळत होता आणि वेलावर नुसतं देठाचं टोक होतं.

‘‘आबा, माझं पान?’’

‘‘खुडा हुता आज. गेलं बाजारात.’’

‘‘अहो, पिच्चर चालू हुता त्याच्यावर!’’

आबांनी वेलाकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. मग सदरा उतरवून खांद्यावर टाकला, त्याच्या खिशातून एक रुपया काढून पोराच्या हातावर ठेवला आणि शेजारचा वेल दाखवत म्हणाले, ‘‘हे घे इसार. आता ह्याच्यावर लाव. ह्याचं नाय खुडत म्हैनाभर.’’

होतकरूने तिकाटणं उचललं. मागून आबांचा आवाज आला, ‘‘आन् त्यात माझं डोकं बाळूपेक्षा मोठं दिसलं पायजे.’’