अंड्याविना एगनॉग

एगनॉग म्हणजे दूध, साखर, अंडी, जायफळ आणि ऐपतीप्रमाणे रम. नाताळात त्याच्या चवीच्या ‘शुद्ध शाकाहारी’ कुकीज मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यात, बागलीत भाजायच्या, तर अंडी आणि रम आधीच बाद. उरतं दूध, साखर, जायफळ. म्हणजे पवार संस्थानिकांच्या देवासातल्या मराठी घरांची बासुंदी. तीच चव मैद्या-तुपात मळून भाजली की झाली नानखटाई. नाताळाच्या नावाने वाढते ती किंमत. कोणी म्हणेल, अंडं चवीपेक्षा बांधणीसाठी असतं. खरंय, बलकातलं लेसिथिन तूप-पाणी एकत्र धरतं. पण नानखटाईचं त्यावाचून अडत नाही.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. तोही मान्य, ज्याला नको त्याने खाऊ नये. मात्र याच मध्य प्रदेशात 2015 साली काही आदिवासी जिल्ह्यांतल्या अंगणवाड्यांत अंडी देण्याचा प्रस्ताव तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी फेटाळला. आणि बागली तर आदिवासींसाठी राखीव मतदारसंघ. अंगणवाडीतल्या पोराच्या ताटात अंडं नको, बिस्किटाला मात्र अंड्याच्या पेयाची चव हवी, तीही पुड्यावर हिरवा ठिपका मिरवत. ठिपका नियमानुसार अगदी बरोबर. अंडं त्यात खरोखरच नसतं.