बँकेतल्या विमाविक्रेत्यास अनावृत पत्र

आदरणीय व्यापारी बँक यांस,

आपल्या सेवाशुल्कांवर लोक उगीच तोंडसुख घेतात. डिमांड ड्राफ्टला शुल्क, लॉकरला भाडे, मोफत व्यवहार संपले की एटीएमच्या प्रत्येक वापराला २३ रुपयांपर्यंत! पण हे सारे पासबुकात उमटते, म्हणून त्यावर भांडता तरी येते. किमान शिल्लक न राखल्याच्या दंडापायी बचत खाते उणे होऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियमही २०१५पासून आहे. आमचे खरे कौतुक आपल्या न दिसणाऱ्या मिळकतीचे आहे. म्हणजे विमा कंपन्यांच्या पॉलिसी विकून मिळणाऱ्या कमिशनचे.

कोणाची ठेव कधी पिकणार, हे बाहेरच्या विमा एजंटाला चार महिने दारोदार फिरूनही कळत नाही. आपल्याला ते संगणकावर आयते दिसते. ठेवीदाराने ही माहिती पैसे सांभाळण्यासाठी दिली होती, हा तपशील किरकोळच. मग सत्तरीतल्या गृहस्थांना ‘एफडीसारखंच आहे, काका’ म्हणत दरवर्षी हप्ता भरायची पॉलिसी देता येते. दुसरा हप्ता चुकला तर पहिल्यातले किती हाती लागतील, हे मात्र काकांनी विचारायचे असते! आपण म्हणाल, विमा लोकांना हवाच. हवाच की, पण तो कमावत्या माणसाला आणि आधी साधा मुदतीचा. सही ग्राहकाचीच असते, हेही मान्य. मात्र बारीक इंग्रजी छपाईखाली ती सही विमा कंपनीकडे बघून होत नाही, बँकेच्या पाटीकडे बघून होते. आणि नुसत्या व्याजावर भागत नाही म्हणावे, तर बचत खात्यावर जेमतेम अडीच टक्के देणाऱ्यांनी हे रडगाणे जरा हळू आवाजात गावे. अशा चुकीच्या विमाविक्रीने कर्जदाराचा खर्चही अप्रत्यक्षपणे वाढतो, असे केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी नोव्हेंबर २०२४मध्ये मुंबईत, बँकवाल्यांच्याच परिषदेत सुनावले होते.

म्युच्युअल फंडाच्या वितरकाला किती कमिशन मिळाले, हे गुंतवणूकदाराच्या एकत्रित विवरणात २०१६पासून रुपयांत छापून येते. म्हणून आमची मागणी माफक आहे: विम्याच्या अर्जावर, सहीच्या जागेच्या अगदी वर, या विक्रीतून बँकेला किती रुपये मिळणार ते मराठीत आणि ठळक छापावे.

आपला,
एक ठेवीदार

ता.क. आपल्या कर्मचाऱ्यांना सांगायला वेळ मिळत नाही, म्हणून खातेदारांसाठी इथेच लिहितो: पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते.