सोबत शुद्धिपत्र

धाकट्या मामाचा फोन रात्री दहानंतर आला की समजावं, फर्मा भरलेला नाही.

"तीन पानं उरलीत रे. तुझ्याकडे काही आहे का?"

मी कवी नाही, हे त्याला ठाऊक आहे. पण फर्मा सोळा पानांचा, कविता तेराव्या पानावर संपलेल्या आणि कागदाचे पैसे सोळाचेच. अशा वेळी माणसाला भाच्यातही कवी दिसायला लागतो. एकदा वैतागून मी म्हटलं, "कोरी सोड." पलीकडे बराच वेळ शांतता. मग गंभीर आवाजात, "कोरं पान कवीनं सोडायचं असतं. प्रकाशकानं सोडलं तर त्याला नुकसान म्हणतात."

मामा प्रयोगशील कवितेचा प्रकाशक आहे. बँकेत जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब पैपैनं जुळवले. आता डोंबिवलीच्या दोन खोल्यांतून अंक काढतो आणि जमाखर्चाच्या वहीत फक्त खर्च लिहितो. 'अनियतकालिक' हा शब्द ज्यानं घडवला, त्याला मामा मनोमन रोज नमस्कार करत असणार. नियतकालिकाला उशीर होतो, अनियतकालिकाला होऊच शकत नाही. मागच्या खेपेला दोन अंकांमध्ये तीन वर्षं गेली, तरी आतल्या पानावर त्यानं छापलंच: 'हा अंक वेळेवर प्रसिद्ध होत आहे.'

प्रती तीनशे. तीनशेच का, तर दिवाणात तेवढ्याच मावतात. जुने अंक माळ्यावर, त्याआधीचे पलंगाखाली आणि कवितासंग्रह चादर घातलेल्या गठ्ठ्यांच्या रूपात खिडकीशी. पाहुणे त्याला बैठक समजतात. लहानपणी मे महिन्याची सुट्टी मी मराठी नवकवितेवर झोपून काढली आहे. पाठीला लागते, एवढं अनुभवानं सांगतो.

"अहो, घरात वास्तवच पुरून उरलंय, तुम्हाला अतिवास्तव कशाला हवंय?" असं मामी म्हणते. म्हणता म्हणता पाकिटांना खळ लावत असते. मैद्याची खळ तीच शिजवते. कोणत्या कवीनं घर बदललं, कोणाची बायको वारली, कोणाला चहात साखर चालत नाही, हे सगळं तिच्याकडे. कविता ती वाचत नाही, पत्ते वाचते. माझ्या मते अंक चालतो तो त्यामुळे.

चहाचा दुसरा कप झाला की मामा 1955 सालात शिरतो. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ आणि मंडळींनी 'शब्द' सायक्लोस्टाइल करून काढला, ते साल. मामाचं तेव्हा बारसंही झालेलं नव्हतं. पण सांगतो असा, जणू यंत्राचा दांडा यानंच फिरवला आणि शाई अजून नखांत आहे. मग अशोक शहाण्यांचं 'असो', चंद्रकांत खोतांचं 'अबकडई'. वारकऱ्यानं संतांची नावं घ्यावीत तशी ही नावं येतात. शेवटी कोलटकर. "इंग्रजी 'जेजुरी' 1976ची. काढली कुणी? क्लिअरिंग हाउसनं. म्हणजे कोण? तर कोलटकर, जुस्सावाला, मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल, चौघे कवीच! मराठीतला पहिला संग्रह त्याच्या पुढच्या वर्षी, शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाकडून. वीस वर्षांहून जास्त काळ लिहिल्यावर! आणि आमच्याकडे येणाऱ्या पोराच्या तेवीस कविता झाल्या की तो विचारतो, प्रकाशन समारंभाला हॉल कोणता?" इथं मामी स्वयंपाकघरातून म्हणते, "मग हॉल घेतला होतात ना तुम्ही त्याच्यासाठी?" मामा विषय बदलतो.

2024 साली आंद्रे ब्रेतोंच्या अतिवास्तववादी जाहीरनाम्याला शंभर वर्षं झाली. पॅरिसमध्ये काय झालं असेल ते असो, डोंबिवलीत मामानं सोसायटीत पेढे वाटले. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी पेढा घेत विचारलं, "अय्या, मुलगा की मुलगी?"

"जाहीरनामा," मामा म्हणाला.

वहिनींनी अर्धा पेढा परत ठेवला.

लाल पेन त्याच्या खिशात कायम. लग्नपत्रिका, औषधाची चिठ्ठी, उपाहारगृहातला दरफलक, सगळं तपासून होतं. सोसायटीच्या फळ्यावर एकदा लिहिलं होतं, 'उद्या पाणि येणार नाही.' मामानं खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'पाणि म्हणजे हात. "उद्या हात येणार नाही" ही ओळ म्हणून उत्तम आहे, परंतु चिटणिसांचा हेतू तो नसावा.' सोसायटीतल्या लोकांनी मामाची वाचलेली ही एकमेव समीक्षा.

एवढा मुद्रितशोधक माणूस, आणि नेमकं त्याच्याच अंकात ते घडलं. त्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, शेवटचं प्रूफ पाहायचं राहिलं. डीटीपी करणारा मुलगा मनानं चांगला. कवीनं लिहिलं होतं, शिडीला ताप आलाय. मुलाला वाटलं, शिडीला कसा ताप येईल, दीदीला आला असणार. त्यानं सुधारलं. अशा सतरा सुधारणा. कवी रडकुंडीला. (आणखी एका कवीनं मात्र फोन करून 'दीदी' ठेवाच म्हणून सांगितलं. कविता त्याची नव्हती.) मामानं दोन रात्री बसून शुद्धिपत्र तयार केलं: पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध. स्वतंत्र कागदावर तीनशे प्रती छापल्या आणि प्रत्येक अंकात एक घातली.

महिन्याभरानं मराठीच्या एका प्राध्यापकांचं तीन पानी पत्र आलं. अंक एकंदरीत बेताचा. मात्र शेवटची, सुट्या कागदावरची, दोन स्तंभांतली कविता फार पुढची आहे. 'दीदीला ताप' समोर 'शिडीला ताप' ठेवून कवीनं शुद्धतेच्या कल्पनेलाच आव्हान दिलं आहे. कवीचं नाव नसणं हेही अर्थपूर्ण.

मामाची झोप उडाली. मामी म्हणाली, "अहो, पहिल्यांदा कुणाला तरी काहीतरी आवडलंय. गप्प बसा." पण मामा बँकेतला माणूस. त्यानं पोस्टकार्ड टाकलं: सदर मजकूर कविता नसून शुद्धिपत्र आहे, कृपया नोंद घ्यावी.

उलट टपाली उत्तर आलं: 'कवीचा हा विनय मी समजू शकतो.'

पुढं प्राध्यापकांनी ती वर्गात शिकवली. विद्यार्थ्यांची पत्रं येऊ लागली: अंक नको, तो कागद तेवढा पाठवा. मामानं नाइलाजानं दिवाण उघडून शिल्लक अंकांमधले कागद एकेक करून काढले आणि मामीनं ते पाकिटात घातले. आता दिवाणात अंकाच्या एकशे चाळीस प्रती आहेत, त्यातल्या सतरा चुकांसकट, आणि शुद्धिपत्र एकही नाही. कवी पुन्हा रडकुंडीला आला आहे.

तेव्हा आपल्या घरी तो अंक असेल, तर शेवटच्या पानाशी जरा उघडून बघा. कागद सापडला तर कळवा. टपालखर्च मामा देईल. आणि हो, पुढच्या अंकात तीन पानं उरलीत.