पासवर्डवाले अण्णा

प्रत्येक ऑफिसात एक अण्णा असतात. वय पन्नाशीच्या पुढे, शर्टाच्या खिशात दोन पेनं, आणि अडल्यानडल्याला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नसतं. अण्णांचा पासवर्ड अण्णा सोडून सगळ्यांना पाठ असतो. ते रजेवर गेले की शिपाईच सांगतो, "गणपती, त्यातला जी मोठा, मग ॲट द रेट, पुढे एक-दोन-तीन." दर तीन महिन्यांनी बदलायची सक्ती झाल्यावर शेवटच्या तीनाचे चार झाले. बाप्पा जागचे हलले नाहीत.

एवढं करून आठवण राहत नाही, म्हणून चिठ्ठी मॉनिटरलाच डकवलेली. यात अण्णा एकटे नाहीत. अमेरिकेत हवाईच्या आपत्कालीन यंत्रणेचा पासवर्डही असाच चिठ्ठीवरून २०१७ च्या एका वृत्तछायाचित्रात झळकला होता.

खरं तर सगळं खापर अण्णांवर फोडू नये. मोठं अक्षर, आकडा, चिन्ह आणि ठरावीक मुदतीत बदल हा जाच रुळवणारी अमेरिकी मार्गदर्शिका २००३ ची. ती लिहिणारे बिल बर २०१७ मध्ये जाहीरपणे पस्तावले. त्याच वर्षी तिथल्या मानक संस्थेने मुदतीची सक्ती नको असा सल्ला दिला. अण्णांच्या ऑफिसात मात्र जुनंच परिपत्रक चालू.

अण्णांना गंडवायला हॅकर लागत नाही. "साहेब मीटिंगमध्ये आहेत, ओटीपी लगेच सांगा," एवढं अदबीने म्हटलं की पुरे. साहेबांना ताटकळत ठेवणं अण्णांना तीस वर्षांत जमलेलं नाही.

आणि कुतूहल? तेही फक्त अण्णांनाच असतं असं नाही. आरएसए ही कंपनी सुरक्षेची टोकनंच विकते. २०११ मध्ये तिथे 'भरतीचा आराखडा' अशा नावाची एक्सेल फाइल मेलने आली. यंत्राने ती बरोबर जंकमध्ये टाकली होती. एका कर्मचाऱ्याने ती तिथून काढून उघडली, आणि चोर आत शिरले.

सायबर जागरूकतेच्या कार्यक्रमाला अण्णा न चुकता जातात. सही करतात, समोसा खातात, प्रश्नपत्रिका शेजारच्याची बघून सोडवतात. तिथे चुकणाऱ्याला सर्वांसमोर झापलेलं त्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून पुढे भलत्या लिंकवर क्लिक झालंच, तर अण्णा दोन दिवस ब्रही काढत नाहीत. सर्ट-इन या भारताच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे मात्र अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते.