मामा, अजून एक कागद

मराठी लग्नात मामाचं काम ठरलेलं असतं. मुलीला बोहल्यावर आणायचं, अंतरपाट दूर होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं आणि मग पंगतीत जिलबीचा आग्रह करत हिंडायचं. भाचीच्या लग्नात मी हे सगळं रीतसर पार पाडलं. पण जावई न्यू जर्सीचे, अमेरिकेचे नागरिक. त्यामुळे पंगती उठल्या आणि मामाची दुसरी पाळी सुरू झाली. नवऱ्याने तिकडे बायकोसाठी आय-१३० नावाचा अर्ज भरायचा आणि आपण इकडून पुरावे पुरवायचे. कशाचे? तर लग्न खरं असल्याचे.

हे ऐकून दाजी उखडलेच. "पाचशे पान उठलं, ते काय खोट्या लग्नाला?"

सरकारचं म्हणणं तसं रास्त आहे. ग्रीन कार्डापुरतं लग्न लावणारे महाभाग असतात, म्हणून नुसतं लग्न झाल्याचं दाखवून भागत नाही; ते संसारासाठी झालंय, हेही दाखवावं लागतं. एकत्र बँक खातं, दोघांच्या नावाचा भाडेकरार, विम्यावर एकमेकांचं नाव, फोटो, माहितगारांची प्रतिज्ञापत्रं. इथेच आपली पंचाईत होते. आपण आहेराची वही पन्नास वर्षं जपतो, पण नवराबायकोच्या जिव्हाळ्याची कुठे नोंद म्हणून सापडायची नाही. ताई आणि दाजींचा एकत्र फोटो घरात एकच आहे, तुळजापूरला काढलेला. त्यातही मधे दाजींची आई उभी आहे.

पहिला कागद विवाह नोंदणीचा. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली नमुना 'ड' भरायचा, त्यावर शंभर रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, लग्नपत्रिका, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही. साक्षीदार घरचेच, त्यांना चहावर बोलावता येतं. भटजी सापडेनात, कारण जावयाची रजा आणि लग्नसराई एकाच महिन्यात. अखेर त्यांना दुसऱ्याच एका कार्यालयात गाठलं. तिथली मंगलाष्टकं आटोपून ते कोठीच्या खोलीत आले, तांदळाच्या पोत्यावर अर्ज ठेवला आणि झोकात सही ठोकली. अंगठ्याचं कुंकू नेमकं वराच्या जन्मतारखेवर उमटलं.

खिडकीतल्या बाईंनी तो डाग चष्म्यावरून पाहिला.

"हे काय?"

"कुंकू."

"खाडाखोड वाटते. नवीन फॉर्म भरा. आणि भटजींची सही परत घ्या."

लग्नाच्या अर्जावर कुंकू चालत नाही, हे मला नवीन होतं. भटजींना मात्र नव्हतं. या वेळी त्यांनी आधी हात धुतले.

मग जन्माचा दाखला. भाचीचा दाखला होता, पण त्यात बाळाचं नाव नव्हतं. लिंग: स्त्री, एवढंच. बारशाआधीच नोंद झालेली, नाव नंतर घालायला कोण जातंय? कायद्याने त्यासाठी पंधरा वर्षं दिलेली असतात आणि आपण ती शांतपणे घालवतो. आमच्या सुदैवाने तेव्हा शासनाची मुदतवाढ चालू होती. सोबतच्या आय-१३०ए अर्जात आईवडिलांच्याही जन्मतारखा मागतात. दाजींची १ जून. ताईची १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली ती तारीख. त्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मलेला आहे. तिकडच्या अधिकाऱ्याला वाटायचं, या गावात जन्म वर्षातून एकदाच होतात.

पण खरी गंमत नावांची. आयुष्यात वापरलेली सगळी नावं लिहा, म्हणे. माहेरचं तर हवंच, लाडाचंही हवं. भाचीच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं, पॅनवर नुसती आद्याक्षरं. शिवाय लग्नात सासूबाईंनी तांदळात अंगठीने 'सई' असं नाव लिहून घेतलं होतं. ते नाव तांदूळ डब्यात जाईपर्यंतच टिकलं. ते धरायचं का? त्यावर घरात रात्री अकरापर्यंत खल झाला. ताईचं म्हणणं, लपवाछपवी नको. मग 'सई' घातलं, आणि घालतोच आहोत तर 'बबडी'ही घातलं. अमेरिकेच्या दप्तरी आज बबडी या नावाची नोंद आहे.

फोटोंचं वेगळंच दुखणं. फोटोग्राफरने दिलेल्या पेनड्राइव्हमध्ये हजारावर फोटो, पण दोघंच असा एक सापडेल तर शपथ. जिथे पाहावं तिथे डाव्या बाजूला चुलत्यांचं खटलं, उजव्या बाजूला कराडची मंडळी. लग्नाचा ऐन क्षण पाहावा, तर वधूवरांच्या मधे अंतरपाट. सप्तपदीत वधूची मान खाली आणि वराचं लक्ष होमाच्या धुराकडे. विधीतल्या एकाही फोटोत दोघांची ओळख असल्याचं जाणवत नव्हतं. अखेर मेव्हण्यांनी बूट पळवले तेव्हाचा एक मिळाला; त्यात नवरा अनवाणी आणि ही पोट धरून हसतेय. तो सगळ्यात वर लावला.

दोघं दोन देशांत, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणंही जोडायचं ठरलं. झेरॉक्सवाल्याकडे पानं निघू लागली. "जेवलास?" "हो." "काय?" "खिचडी." "कालची?" "हो." असं पानामागून पान. झेरॉक्सवाला वाचत होता. म्हणाला, "काका, यात काही नाहीच." मला ते लागलं, कारण तीस वर्षांच्या संसारात माझं आणि हिचं बोलणं याहून पुढे गेलेलं नाही.

तेवढ्यात मधेच तीन पानांचं भांडण निघालं. त्याच्या आत्याला मानाची साडी न देता ब्लाउजपीस का दिला, यावर. भाची म्हणाली, "मामा, ते काढा, अब्रू जाईल." मी म्हटलं, हेच ठेवायचं. कागदापुरतं लग्न करणारा माणूस रात्री दोन वाजता आत्याच्या साडीवरून कशाला तोंड वाजवील? मराठी मजकुराला पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं आणि ते अचूक असल्याचं भाषांतर करणाऱ्याने सही करून सांगावं लागतं. त्यामुळे तो मानपान गावातल्या निवृत्त इंग्रजीच्या मास्तरांपर्यंत गेला. ते आत्याच्या बाजूचे निघाले.

पुढच्या टप्प्यात जावयाने आय-८६४ वर सही केली. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या सव्वापट असल्याचं दाखवायचं आणि बायकोला सांभाळण्याची लेखी हमी सरकारला द्यायची. घटस्फोट झाला तरी ही हमी सुटत नाही. ती नागरिक होईपर्यंत, किंवा तिची सुमारे दहा वर्षांची नोकरी भरेपर्यंत, चालूच. हे ऐकून दाजींच्या आईने हात जोडले. म्हणाल्या, "सप्तपदीच्या वेळीच ही सही का नाही घेतली रे?"

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत पाच-सात मिनिटांत उरकली. तिथे बबडीचा विषय निघाला नाही.

भाची आता तिकडे पोचली. मात्र लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत गेली, म्हणून तिचं ग्रीन कार्ड दोन वर्षांपुरतंच, सशर्त. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा आणि पुन्हा दाखवायचं की संसार चालू आहे. तेव्हा ज्यांच्या घरी परदेशचं स्थळ आलं असेल त्यांना एवढंच सांगणं: केटररचं बिल फाडू नका, भटजींचा मोबाइल नंबर आजच लिहून ठेवा, आणि पोरांच्या भांडणात पडू नका. ती त्यांना नीट, तारीख-वेळेसकट, लेखी भांडू द्या.