विलंबित मारिओ

परदेशातून आमच्या तोंडवलीत जी यंत्रं आली, त्यांतल्या बऱ्याच यंत्रांनी पहिल्याच दिवशी कामाला नकार दिला. माणसांचं तसं नव्हतं. इथला माणूस कुवेतला गेला, मस्कतला गेला, बोटीवर चढून कोबे-योकोहामाला पोचला. भाषा येवो न येवो, दुसऱ्या दिवशी कामाला लागला. यंत्रं मात्र मानकरी. व्होल्टेज आमच्याच देशचं पाहिजे, चॅनेल आमच्याच देशचं पाहिजे, नाहीतर आम्ही पाटावर बसायचे नाही. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कालावलची खाडी, मध्ये माडांची नि सुरूंची चिंचोळी पट्टी. एवढ्याशा जागेत आम्ही या मानकऱ्यांचे रुसवे काढत आलो आहोत.

टीव्ही नवा होता त्या काळात परदेशी वस्तूंच्या बाबतीत गावात दोन पक्ष होते, गल्फवाले आणि बोटवाले. गल्फवाल्यांनी आणलेला टीव्ही खोक्यातून बाहेर काढायचा, अँटेना माडाला बांधायची, की झालं. पडद्यावर रंगीत बाई रंगीत बातम्या देत असे. याचं श्रेय गल्फवाले स्वतःच्या पारखीला देत. ते खरं द्यायला हवं टेलिफुंकन कंपनीतल्या वाल्टर ब्रुख नावाच्या जर्मन इंजिनिअरला. अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीत रंग वाटेत बिघडत, माणसाचा चेहरा कधी हिरवा तर कधी जांभळा होई. ब्रुखने दर ओळीला रंगाची खूण उलटी करायची युक्ती काढली. एका ओळीची चूक दुसरीने फिटते. हीच पाल पद्धत. १९८२ साली भारतात रंगीत प्रक्षेपण सुरू झालं ते पालमध्ये, आणि दुबई, कुवेत, ओमानही पालवालेच. त्यामुळे आखातातला टीव्ही आमच्या पडवीत आला की त्याला सासरी आल्यासारखं वाटतच नसे. शेजारच्या सौदीने तेव्हा फ्रेंचांची सेकाम पद्धत धरली होती. तिचं चित्र निव्वळ पालच्या टीव्हीवर काळं-पांढरं दिसतं. म्हणून दुबईचे दुकानदार ‘मल्टिसिस्टम’ हा शब्द असा उच्चारत, जणू टीव्हीला वेदशास्त्रसंपन्न अशी पदवीच मिळाली आहे.

आता अरबी समुद्राचीही यात एक गंमत आहे. उन्हाळ्यात पाण्यावरच्या हवेचे थर असे बसतात की टीव्हीच्या आणि रडारच्या लहरी त्यांत अडकून क्षितिजापलीकडे धावत सुटतात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळच्या रडारला हजार मैलांहून लांबचा अरबस्तानचा किनारा दिसल्याची नोंद आहे. तेव्हा मे महिन्यात कुणी गल्फवाला ‘काल रात्री माझ्या टीव्हीर मस्कत दिसला’ असं सांगू लागला, तर त्याला सरसकट थापाड्या म्हणायचं कारण नाही. पुढे तो त्यात आपला जुना शेठही दिसल्याचं सांगे. तेवढं सोडून द्यावं.

बोटवाल्यांचं नशीब मात्र फुटकं. माझा काका बोटीवर होता. त्याने जपानच्या बंदरातून एक लाल-पांढरा डबा आणला, निन्टेन्डोचं टीव्हीवर खेळ खेळायचं यंत्र, फॅमिकॉम. जपानात तो १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला आला होता. दोन्ही रिमोट वायरने डब्यालाच बांधलेले, वर कॅसेट खोचायची खाच. काकाने तो खळ्यात आणून ठेवला तेव्हा अर्धी वाडी जमली. पहिली अडचण विजेची. जपानात घरात १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. आचऱ्याच्या रेडिओवाल्याने एक जड ट्रान्सफॉर्मर दिला. खरं तर संध्याकाळी सातनंतर त्याची गरजच नव्हती. तेव्हा गावातलं व्होल्टेज आपोआप इतकं खाली येई, की जपानी यंत्राला घरची आठवण व्हावी.

दुसरी अडचण रेडिओवाल्याच्याही हातची नव्हती. फॅमिकॉम आपलं चित्र टीव्हीच्या चॅनेलवर पाठवतो, पण जपानच्या चॅनेलवर. तिथलं पहिलं चॅनेल ९० ते ९६ मेगाहर्ट्झमध्ये आणि दुसरं त्याच्या जरा वर. आपल्या टीव्हीची खालची चॅनेलं ६८ ला संपतात आणि वरची १७४ ला सुरू होतात. मधल्या मोकळ्या रानात आपल्याकडे एफएम रेडिओ नांदतो. काका टीव्हीची बटणं पिळून पिळून दमला, पडद्यावर मुंग्यांशिवाय काही नाही. शेवटी रागाने त्याने वायरचं टोक कोनाड्यातल्या टू-इन-वनच्या एरियलवर टाकलं. कुणीतरी पोराने एफएमचा काटा फिरवला, आणि ९५ च्या पुढे, ९६ च्या आत, रेडिओतून खणखणीत आवाजात कॅसेटमधल्या मारिओ नावाच्या खेळाचं गाणं वाजू लागलं. मारिओ दिसत नव्हता, पण कुठेतरी पळत होता. काकाने अंदाजाने बटण दाबलं की रेडिओत उडी ऐकू येई. अंदाज चुकला की मरणाची धून. आजी आतून म्हणाली, “बरा वाजता मरे. ठेव तसाच.” त्या सुट्टीत आम्ही मारिओ असा रेडिओवर खेळलो, आंधळ्या कोशिंबिरीसारखा.

हे सगळं कुणी मुद्दाम केलं होतं का? नाही, आणि मला या प्रकरणात तेच लोभस वाटतं. मूळ वाद विजेचा. जर्मनीतल्या कारखान्यांनी सेकंदाला ५० हेलकाव्यांची वीज धरली, अमेरिकेने ६० ची. सुरुवातीच्या टीव्हीत विजेच्या गुणगुणीचे पट्टे चित्रावर सरकू नयेत म्हणून चित्राची गतीही विजेशी जुळवली गेली. म्हणून अमेरिकेचं चित्र सेकंदाला ६० दा रंगे, ५२५ ओळींत. आपलं ५० दा, ६२५ ओळींत. त्यांची घाई जास्त, आपल्या ओळी जास्त. जपानने तर कमालच केली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मन जनित्रं आणली आणि ओसाकाने अमेरिकन, त्यामुळे त्या देशात आजही फुजी नदीच्या पूर्वेला ५० ची वीज आहे आणि पश्चिमेला ६० ची. एका देशात विजेची दोन गोत्रं. आमच्याकडे खाडीच्या दोन काठांवर आमटीत कोकम घालायचं की चिंच, यावर एकमत नाही, तेव्हा आम्ही जपान्यांना हसू नये.

मग मे महिन्यात मुंबईची चाकरमानी पोरं आली आणि त्यांच्या पिशवीतून ‘लिटल मास्टर’ निघाला. फॅमिकॉमच्याच पोटातला, पण आपल्याकडच्या टीव्हीला जुळवून घेतलेला. लॅमिंग्टन रोड, मनीष मार्केट, मुसाफिरखाना अशा तीर्थक्षेत्रांतून अशी यंत्रं गावोगाव जात. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असं छापलेलं, आत मोजून मूठभर खेळ, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावांनी. पण ते आपल्या चॅनेलवर दिसत! मारिओ दिसला, कॉन्ट्रातले दोन उघडे वीर दिसले, बदकं मारायची बंदूकही आली. काकाच्या फॅमिकॉमची कॅसेट त्यात बरोबर बसे, दोघांच्याही साठच पिना. अस्सल निन्टेन्डोने अमेरिकेत मात्र १९८५ मध्ये बहात्तर पिनांची कॅसेट काढली आणि यंत्राच्या आत एक पहारेकरी चिप बसवली; ओळख पटल्याशिवाय खेळ सुरू होऊ देत नसे. नक्कलवाल्यांनी असा पहारा ठेवलाच नाही. नक्कल करणाऱ्याने पहारा ठेवायचा तरी कोणासाठी!

या मारिओत एक बारीक फरक होता, आणि तो आम्हाला कितीतरी वर्षं कळला नाही. खेळ लिहिणाऱ्या जपान्याने हिशेब केला होता की दर चित्रामागे मारिओ एवढं पाऊल टाकील. चित्रं सेकंदाला साठ. आपल्याकडे चित्रं पन्नास. म्हणजे आमचा मारिओ मूळ वेगाच्या सहातले पाच हिस्सेच वेगाने चालत होता. जपानातलं शंभर सेकंदांचं काम आमच्याकडे एकशेवीस सेकंदांत. अशा बहुतेक नकली यंत्रांत आतल्या घड्याळाचा ठोका मूळच्या इतका जवळचा असे, की गाण्याचा स्वर जवळपास तोच राही आणि फक्त लय उतरे. तोच राग, विलंबित ख्याल. वर-खाली काळ्या पट्ट्या पडत, त्यामुळे मारिओ जरा बसका, पोट सुटलेला दिसे. तो प्लंबर आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. आमच्या समजुतीप्रमाणे तो जेवून निघालेला, कुडाळची गाडी सुटली तर दुसरी मिळेल अशा बेताने चाललेला पाहुणा होता.

युरोपातल्या खेळाडूंनी या पन्नाशीबद्दल केवढा आरडाओरडा केला! सॉनिक नावाचा निळा हेजहॉग, ज्याचं सगळं भांडवल वेग, तो त्यांच्याकडे रेंगाळत पळे. त्यांचा राग मी समजू शकतो, पण आमच्या मारिओबद्दल मी कुणाचं ऐकून घेणार नाही. खड्डा दिसल्यावर उडी मारायला आम्हाला थोडा जास्त वेळ मिळे. आता न्यू जर्सीतला पुतण्या तोच खेळ साठच्या वेगाने खेळतो आणि म्हणतो, “काका, यू आर सो स्लो.” मी स्लो नाही, बाबा. मी पालमध्ये आहे.

त्याच न्यू जर्सीहून एकदा लग्नाची कॅसेट आली होती. पडद्यावर चित्र गरगर फिरू लागलं, रंग बेपत्ता. आजीने विचारलं, “रे, हेचो रंग खंय गेलो?” मंगलाष्टकं तर अशी जाड नि संथ ऐकू आली, की भटजी समाधीतून बोलत असावेत. कारण पुन्हा तेच: टेप साठच्या हिशेबाने भरलेली आणि आमचा व्हीसीआर तिला पन्नासच्या हिशेबाने ओढत होता. मुंबईत पैसे घेऊन एनटीएससीचं पाल करून देणारी दुकानं होती. तिथून कॅसेट परत येईपर्यंत त्या जोडप्याला मूल झालं, त्याच्या बारशाची कॅसेट आली, तीही एनटीएससी.

इथवरचे अडथळे भाबडे होते. तार जोडा, ट्रान्सफॉर्मर लावा, पक्कड चालवा. सुपर निन्टेन्डोच्या अमेरिकन यंत्रात जपानी कॅसेट बसू नये म्हणून खाचेत प्लास्टिकचे दोन ठोंब ठेवले होते. लोकांनी ते पकडीने तोडले आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराचा प्रश्न घरच्या घरी सोडवला. पुढे डीव्हीडी आली आणि पहिल्यांदा कोणीतरी समजून-उमजून जगाच्या नकाशावर रेघा मारल्या. सिनेमा एका देशात आधी लागतो, दुसऱ्यात नंतर, म्हणून तबकडीवरच विभागाचा आकडा. अमेरिका एक; युरोप, जपान आणि आखात दोन; भारत पाच. पाचात आमच्याबरोबर रशिया, मंगोलिया आणि बराचसा आफ्रिका. ज्या दुबईशी आमचं घरोघरी येणं-जाणं, ती दुसऱ्या विभागात, आणि ज्या उलानबातरला तोंडवलीचा माणूस गेल्याचं ऐकिवात नाही, ते आमच्या गोतावळ्यात! त्यात आपल्या हिंदी सिनेमावाल्यांनी आणखी एक केलं. परदेशातल्या देशी मंडळींना विकता याव्यात म्हणून आपल्या बऱ्याच डीव्हीड्या त्यांनी सगळ्या विभागांसाठी मोकळ्या काढल्या, आणि वर एनटीएससीत. पालच्या देशातला सिनेमा अमेरिकेच्या मापाने शिवला. तोवर चिनी प्लेअर आले होते, ते काहीही गिळत. खरे मल्टिसिस्टम तेच.

आज हा सगळा संसार मोडीत निघाला आहे. दूरदर्शनने २०२२ पर्यंत जवळपास सगळी जुनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपणं बंद केली. सपाट टीव्हीला पन्नास काय नि साठ काय, सारखंच. प्लेस्टेशनची तबकडी किंवा निन्टेन्डो स्विचची कॅसेट जवळपास कुठल्याही देशातून आणा, चालते. फक्त बदकांची ती बंदूक सपाट टीव्हीवर चालत नाही. तिला जुन्या काचेच्या नळीचा प्रकाश लागतो. सगळे नेम चुकतात आणि त्या खेळातला कुत्रा झुडपातून वर येऊन हसतो.

पण रेघा गेल्या कुठे? त्या तबकडीवरून उठून खात्यात जाऊन बसल्या. पुतण्याने वाढदिवसाला खेळांच्या दुकानाचं डॉलरचं कार्ड पाठवलं, ते भारतातल्या खात्याला चालेना. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजी मोबाइल या खेळावर बंदी घातली आणि जुलै २०२१ मध्ये त्याचाच भारतापुरता अवतार आला, बीजीएमआय. त्यात रक्त हिरवं. शेजारच्या तळाशीलच्या टोकाला, जिथे नेटवर्क मिळतं तिथे, पोरं संध्याकाळी बसून एकमेकांचं हिरवं रक्त काढतात. त्यांतल्या एकाचा सख्खा भाऊ दुबईत आहे. तो तिकडचा पबजी खेळतो. दोघांच्या हातात सारखेच फोन, तरी दोघे एका मैदानात उतरू शकत नाहीत. इथे ट्रान्सफॉर्मर लावायचा कुठे, हे आचऱ्याच्या रेडिओवाल्यालाही सांगता येणार नाही. माझ्या मते विजेने घातलेल्या भिंती परवडल्या. त्यांच्याशी कारागिराला निदान दोन हात करता येत होते.

तरीही तुमच्या माळ्यावर कुणा बोटवाल्या काकाचा असा जपानी डबा पडला असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका. आधी त्याच्या अ‍ॅडॉप्टरवरची पट्टी वाचा. तिच्यावर १०० व्होल्ट लिहिलं असेल, तर कौतुकाच्या भरात तो सरळ भिंतीतल्या २३० मध्ये खुपसू नका. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लॅमिंग्टन रोडला विचारा. आणि संध्याकाळच्या व्होल्टेजवर विसंबू नका, ते आता सुधारलं आहे.