जोशी, रिव्हिजन बी

बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये एम-10चे दोन बोल्ट टेबलावर ठेवून बघा. लांबी तीच, डोक्यावरचा 8.8चा शिक्का तोच. फक्त एकाचा पिच दीड, दुसऱ्याचा सव्वा. चुकीचा बोल्ट नटात पहिली फेरी गोडीगुलाबीने जातो आणि मग आटे खाऊन टाकतो. म्हणून इथला स्टोअरकीपर नावावर विश्वास ठेवत नाही. पार्ट नंबर, ड्रॉइंगची रिव्हिजन, हीट नंबर जुळले तर माल आत. नाहीतर टेम्पो आल्या पावली जालहळ्ळी क्रॉसकडे.

सार्वजनिक जीवनातल्या माणसांना आपण एवढीही सोय केलेली नाही.

शरद जोशी घ्या. एक उज्जैनचे, हिंदीतले व्यंगकार, वर्तमानपत्रातून रोज सत्तेची टोपी उडवणारे. दुसरे आपले आंबेठाणचे शेतकरी नेते. स्वित्झर्लंडमधली टपाल संघटनेची नोकरी सोडून आले आणि 1980 साली चाकणला कांद्यासाठी रस्ता अडवून बसले. दोघांचा कच्चा माल एकच, सरकार. टिंगल करणाऱ्याला 1990 साली पद्मश्री मिळाली, हिशोब मागणाऱ्याला तुरुंगाच्या वाऱ्या.

सुधीर जोशीही दोन. एक युती सरकारातले मंत्री, दुसरे रंगभूमीवरचे कसलेले नट. नट कोणता आणि मंत्री कोणता, हे तेव्हा विचारावे लागे. आता दोन्ही कामे एकच माणूस सांभाळतो.

बेंगळुरूकराने हा पेच व्यवहाराने सोडवला. शहाजीराजांच्या जहागिरीच्या या गावात बालशिवाजी राहून गेले. त्याच गावात मराठी पोलीस शिपायाच्या घरी शिवाजीराव गायकवाड जन्मले, सिटी बसमध्ये तिकिटे फाडून मद्रासला गेले. तिथे 'शिवाजी' हे पद आधीच भरलेले! नाटकात महाराजांची भूमिका गाजवली म्हणून ते नाव गणेशन या तमिळ नटाला चिकटले होते. आता गायकवाडांच्या पोराने शिवाजी म्हणवून घ्यायचे तर जागा रिकामी नाही. के. बालचंदर यांनी रिव्हिजन काढून दिली: रजनीकांत. पहिला सिनेमा 1975चा. पुढे 2007 मध्ये 'शिवाजी' नावाचाच सिनेमा करून त्यांनी नाव सोडवून घेतले. अनामत रक्कम बत्तीस वर्षांनी परत. सरकारी खात्याच्या मानाने लवकरच म्हणायचे.

राजकारणात मात्र नावाची जोडी म्हणजे अडचण नव्हे, भांडवल. 2014 साली रायगडात सुनील तटकरे 2,110 मतांनी पडले. त्याच यंत्रावरच्या अपक्ष सुनील तटकऱ्यांनी 9,849 मते नेली. 2024 साली दिंडोरीत भगरे सरांसमोर आणखी एक भगरे सर. एकाचे चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, दुसऱ्याची नुसती तुतारी. वाजवायला माणूस नसतानाही ती लाखावर मतांनी वाजली!

निवडणूक आयोगाने 2015 पासून उमेदवाराचा फोटो मतपत्रिकेवर छापायला घेतला. पण फोटो पाहून पीण्यात वॉशरसुद्धा कुणी पास करत नाही. इथे गेज लावतात: 'गो'ची बाजू आत गेली पाहिजे, 'नो-गो'ची अडली पाहिजे. असा गेज उमेदवारांसाठी बनवाल का, असे टूलरूमवाल्याला विचारले. म्हणाला, "बनवून देतो की! अ‍ॅडव्हान्स तेवढा आधी द्या. आणि सगळा लॉट रिजेक्ट झाला, तर डेबिट नोट आमच्या नावाने पाठवू नका."